चिठ्ठीवांचून औषध

निफाडची थंडी साऱ्या महाराष्ट्रांत प्रसिद्ध आहे. पौषांत पारा उतरला कीं द्राक्षबागांतून शेकोट्या पेटतात आणि घरोघर सर्दी-खोकला शिरतो. अशा वेळीं बागेंत राबणारा मजूर दवाखान्याची वाट सहसा धरीत नाहीं. तेथें ताटकळावें तर दिवसाची मजुरी बुडते, वर डॉक्टरांची फी. तो ‘मेडिकल’समोर उभा राहतो व दोन गोळ्या मागतो. विक्रेता ओळखीचा असतो. गोळ्या हातांत पडतात.

वरवर पाहतां हा व्यवहार परोपकाराचाच वाटतो. परंतु सर्दी विषाणूंमुळें होते आणि प्रतिजैविकें केवळ जीवाणूंवर चालतात. सर्दी चार-आठ दिवसांत आपोआप ओसरते. श्रेय मात्र गोळीला मिळतें आणि पुढील खेपेस तीच गोळी मागितली जाते. इकडे शरीरांतील जे जीवाणू त्या औषधांतून वांचतात, ते पुढें त्याला दाद देईनासे होतात.

पेनिसिलिनचे शोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं १९४५ सालच्या आपल्या नोबेल व्याख्यानांत हाच धोका एका कल्पित गोष्टीनें सांगितला. घसा दुखतो म्हणून एक गृहस्थ स्वतःच पेनिसिलिन विकत आणतो व अपुरें घेतो. त्याचे निर्ढावलेले जंतू पत्नीला जडतात. तिला न्यूमोनिया होतो आणि तेंच औषध निष्फळ ठरून ती दगावते. अपराध कोणाचा, तर त्या गृहस्थाच्या निष्काळजीपणाचा, असा निवाडाही त्यांनीं दिला.

प्रतिजैविकें चिठ्ठीवांचून विकण्यास कायद्याची मनाई आहे. त्यांतील कित्येक प्रबळ औषधांना १ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ अनुसूची लागू झाली. डॉक्टर, रोगी, औषध व परिमाण यांची नोंद विक्रेत्यानें वेगळ्या वहींत करावयाची आणि ती वही तीन वर्षें जपावयाची, असा तिचा दंडक आहे. अशा औषधांच्या वेष्टनावर तांबडी उभी रेघ असते.

तथापि, एका दुकानदारानें नकार दिला तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानांत जातें. म्हणून हा नकार गांवांतील सर्वच विक्रेत्यांनीं एकमतानें दिला पाहिजे. आणि ताप हटेना किंवा धाप लागली, तर रोग्याला सरकारी रुग्णालयाची वाट दाखविली पाहिजे.

दोष मजुराच्या एकट्याच्याच माथीं मारून मात्र चालणार नाहीं. त्याला निदान मजुरी बुडण्याची अडचण तरी असते. शहरांतील सुशिक्षित घरांत मागील आजारांतून उरलेल्या गोळ्यांची डबी कपाटांत असते, आणि मुलाला शिंक येतांच ती उघडली जाते. तेथें कोणती अडचण असते?