खोट्या हांकेची रात्र



गुंडांच्या टोळ्यांवरील बोलपटाविषयीं एका निवृत्त शिक्षकानें बोलावें, याचें आपणांस नवल वाटेल. परंतु माझ्या मनांत जी गोष्ट घर करून राहिली, ती त्यांतील मारामारी नव्हे. एका खोट्या शब्दाचा प्रवास होय.

वॉल्टर हिल यांनीं दिग्दर्शित केलेला ‘द वॉरियर्स’ हा चित्रपट १९७९ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंत प्रदर्शित झाला. तो सॉल युरिक यांच्या १९६५ सालच्या कादंबरीवर आधारलेला आहे. कथेचा सांगाडा मात्र युरिक यांनीं झेनोफन या प्राचीन ग्रीक लेखकाकडून घेतला. इ. स. पूर्वीं ४०१ मध्यें इराणचा राजपुत्र सायरस भावाचें राज्य घेण्यास निघाला. बाबिलोनजवळ कुनाक्सा येथें तो पडला, आणि त्याच्या पदरचे सुमारें दहा हजार ग्रीक सैनिक परमुलुखांत उघडे पडले. दग्यानें त्यांचे सेनापतीही पकडले गेले. तरी ते लढत लढत काळ्या समुद्रापर्यंत पोंचले.

चित्रपटांतही एक सायरस आहे. न्यूयॉर्कच्या उत्तर टोकास, ब्रॉंक्समधील एका उद्यानांत तो शंभर टोळ्यांची सभा भरवितो. प्रत्येक टोळीनें नऊ माणसें, तींही निःशस्त्र, पाठवावयाचीं. आपण साठ हजार आहों, पोलीस अवघे वीस हजार. आपसांतील वैर सोडलें तर शहर आपलें, असें तो सांगतो. इतक्यांत ल्यूथर नांवाचा तरुण त्यास गोळी घालतो आणि लगेच ‘वॉरियर्स’ टोळीकडे बोट दाखवून ओरडतो. जमाव ओरडणाऱ्याचें ऐकतो. तेथून त्या पोरांची घराकडे धाव सुरू होते; आणि घर शहराच्या दक्षिण टोकास, कोनी आयलंडच्या समुद्रकांठीं!

आतां नभोवाणीवर बोलणाऱ्यास विचार करावयास लावणारी गोष्ट. त्या रात्रीं रेडिओवर एक स्त्री गाणीं लावीत असते. आपणांस तिचे केवळ ओंठ दिसतात. गाण्यांच्या मधून मधून ती पळणाऱ्यांची खबर शहरभरच्या टोळ्यांना पोंचविते. चौकशी नाहीं, पुरावा नाहीं. पहाटे एका साक्षीदारामुळें खरा अपराधी कळतो, तेव्हां ती त्या पोरांची क्षमा मागते आणि आणखी एक गाणें लावते. परंतु तोंवर एक मुलगा रेल्वेखालीं गेलेला असतो, एक पोलिसांच्या हातीं सांपडलेला असतो, आणि पुढारी क्लिऑन तर सभेंतच जमावाच्या तावडींत सांपडलेला असतो. त्यांना ती क्षमा कोठून पोंचावी?

या चित्रपटाच्या खेळांनंतर अमेरिकेंत कांहीं ठिकाणीं मारामाऱ्या झाल्या, खूनही झाले, आणि कंपनीनें जाहिराती कांहीं काळ आवरत्या घेतल्या. म्हणून लहान मुलांस तो दाखवावा, असें मी म्हणणार नाहीं. मोठ्यांनीं मात्र पाहावा.

एक कबुली देतों. माझ्या वर्गांत एकदां खिडकीची कांच फुटली. एका मुलानें मोठ्यानें दुसऱ्याचें नांव घेतलें, आणि मीं छडी उचलली. आठ दिवसांनीं खरें काय तें कळलें. ज्यास मारलें, त्याची मीं वर्गासमोर क्षमा मागितली नाहीं. मास्तरचा मान जाईल असें वाटलें. रेडिओवरील त्या बाईनें निदान तेवढें तरी केलें.

आज प्रत्येकाच्या खिशांत जणूं एक लहानसें नभोवाणी केंद्रच आहे. कोणाविषयीं वाईट बातमी आली कीं पुढें धाडण्यापूर्वीं एवढेंच विचारावें: पहिल्यानें ओरडला कोण? आणि आपली चूक झालीच, तर ती दुरुस्त करतांनाही आपला आवाज तितकाच मोठा असावा.