नोकरी शोधावी कशी?



परीक्षेचा निकाल लागला कीं, आपल्या मध्यमवर्गीय घरांतून एक कठीण काळ सुरू होतो. मुलगा अर्जामागून अर्ज धाडीत असतो. वडील रोज "उत्तर आलें का?" असें विचारतात, आणि कांहीं महिन्यांनीं विचारणेंहि सोडून देतात. ती शांतता प्रश्नाहून अधिक बोंचते. माझें आयुष्य शाळेंत गेलें; असे दिवस मीं पुष्कळ घरांतून पाहिले आहेत. अशा वेळीं दोष मुलाच्या बुद्धीला दिला जातो. माझ्या मतें तो बहुधा पद्धतीचा असतो.

नोकरी मिळविण्याचे मार्ग ढोबळ मानानें चार. जाहिरात पाहून अर्ज करणें, सरकारी सेवायोजन कार्यालयांत नांव नोंदविणें, परिचितांकडून माहिती काढणें आणि उमेदवारी करणें. यांपैकीं पहिला सर्वांत सोपा, म्हणूनच तेथें गर्दीहि सर्वांत मोठी. आतां तर बोटाच्या स्पर्शासरशी अर्ज जातो. परंतु जें आपल्याला सोपें तें हजारोंना सोपें, हें आपण विसरतों.

अमेरिकेंतील समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनीं बोस्टनजवळच्या न्यूटन येथील नोकरदारांची पाहणी करून १९७४ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील निम्म्याहून अधिक लोकांना नोकरी परिचितांमार्फत लागली होती. खरी मौज पुढेंच आहे. वार्ता देणारा तो परिचित रोजच्या बैठकींतला जिवलग क्वचितच असे. अशांपैकीं शेंकडा ८० हून अधिक जणांची त्याच्याशीं भेट अधूनमधून किंवा विरळाच होई. कारण उघड आहे. जिवलगाला जें ठाऊक तें बहुधा आपल्यालाहि ठाऊक असतें. दूरचा परिचित निराळ्या वर्तुळांत वावरतो. २०२२ सालीं लिंक्डइनवरील सुमारें दोन कोटी लोकांच्या अभ्यासांतूनहि मध्यम प्रतीचा परिचयच अधिक फलदायी ठरला.

यावर एखादे मानी गृहस्थ म्हणतील, "आम्ही कोणाचा वशिला लावणार नाहीं." हा बाणा स्तुत्य आहे. परंतु वशिला निराळा आणि चौकशी निराळी. वशिल्यानें दुसऱ्याच्या हक्काची जागा हिरावली जाते. चौकशीनें जागा कोठें आहे एवढेंच कळतें. "मला लावून घ्या" असें म्हणूं नये, "आपल्याकडे हें काम करणारास काय यावें लागतें?" असें विचारावें. यांत लाज कसली? आणि ज्या घरांतून आजवर कोणी कचेरीची पायरी चढलेंच नाहीं, त्या घरच्या मुलानें परिचित आणावे कोठून? त्याचा दूरचा परिचित होणें हें आपल्यासारख्यांचें कर्तव्य आहे.

आतां सेवायोजन कार्यालयांविषयीं. युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठीं १९४५ सालीं तीं निघालीं व १९४८ सालीं सर्वांना खुलीं झालीं. १९५९ च्या कायद्यानें मालकांवर रिकाम्या जागा कळविण्याचें बंधन घातलें. तेथूनच माणूस घेण्याचें मात्र घातलें नाहीं. तेव्हां नांव अवश्य नोंदवावें, पण नोंदवून स्वस्थ बसूं नये. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारीच्या कायद्यानें तरुणांना आणखी एक दार उघडलें. विद्यावेतन थोडें असतें खरें, परंतु हात कामाला वळतो आणि आपलें काम मालकाच्या नजरेस पडतें. पानभर अर्जानें हें साधत नाहीं.

यांतील कोणता मार्ग आपल्याला फळेल, हें कसें ओळखावें? एक वही घालावी. तारीख, जागा, कोणत्या मार्गानें गेलों आणि उत्तर काय आलें, अशा चार रकान्यांत रोज नोंद करावी. महिनाअखेर हिशेब पाहावा. साठ अर्जांतून एकहि बोलावणें नाहीं आणि पांच भेटींतून दोन आलीं, तर पुढच्या महिन्याचा वेळ कोठें घालावा हें वहीच सांगेल. बोलावणीं येतात पण निवड होत नाहीं, तर मार्ग ठीक असून तयारी अपुरी आहे, असें समजावें.

आणखी एक इशारा. नोकरी देण्यापूर्वीं जो पैसे मागतो, मग तो अनामत म्हणो वा शिक्षणाची फी म्हणो, त्याच्यापासून दूर राहावें. नोकरींत पैसा मालकाकडून आपल्याकडे यावयाचा असतो.

आणि वडीलमंडळींना विनंति एवढीच कीं, "उत्तर आलें का?" हा प्रश्न सोडून द्यावा. त्याऐवजीं संध्याकाळीं मुलाजवळ बसून ती वही पाहावी. उत्तर देणें मुलाच्या हातीं नसतें. प्रयत्न बदलणें असतें.