कुठे जाऊन आलात?



जनरल प्रॅक्टिस करणाऱ्यांच्या या परिषदेत अध्यक्ष म्हणून उभं राहताना पहिली आठवण येते ती डॉ. अकासियो व्हिएगस यांची. मूळचे गोव्याचे, प्रॅक्टिस मुंबईत. सप्टेंबर १८९६मध्ये मांडवीतल्या तापाच्या रुग्णांना तपासून, हा गाठींचा प्लेग आहे, असं त्यांनी ठामपणे सांगितलं. पुढच्याच वर्षी व्हेनिसला देशोदेशीचे प्रतिनिधी आरोग्य परिषदेसाठी जमले ते याच साथीच्या धास्तीने, आणि मुंबईहून हजला जाणं त्या वर्षी बंद झालं. १९९४मध्ये सुरतच्या प्लेगची बातमी पसरली तेव्हा काही आखाती देशांनी आपली विमानं थांबवली. दारात अडवलं जाणं म्हणजे काय, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. त्यामुळे आज आपला देश दुसऱ्याला अडवतो तेव्हा तो का अडवतो, हे रुग्णाला नीट सांगणं आपलंच काम आहे.

पीतज्वराचं घ्या. हा रोग भारतात नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आपल्या कुंड्यांत आणि पिंपांत सुखाने नांदतो आहे. डेंग्यू तोच देतो. २०१६मध्ये अंगोलात साथ होती तेव्हा तिथून परतलेल्या ११ चिनी नागरिकांना हा रोग असल्याचं निघालं. सुदैवाने तो पुढे पसरला नाही. तो एखाद्या पावसाळ्यात मुंबईत उतरला तर काय होईल, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. म्हणून केनिया, नायजेरिया, ब्राझील अशा देशांतून येणाऱ्याकडे लसीचं प्रमाणपत्र नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवता येतं. लस टोचल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं. जुलै २०१६पासून ते आयुष्यभर चालतं, तरीही जुन्या पुस्तिकेवर दहा वर्षांची मुदत पाहून लोक घाबरून पुन्हा लस घ्यायला धावतात. त्यांना थांबवा.

ही लस आपल्या दवाखान्यात देता येत नाही, सरकारमान्य केंद्रावरच जावं लागतं. कुपीतली पावडर विरघळवली की सहा तासांत संपवावी लागते, उरलेली फेकून द्यायची. एका कुपीत बहुधा दहाजणांची लस असते, त्यामुळे बऱ्याच केंद्रांवर ठरावीक वारी, नाव नोंदवून, रांगेनेच काम चालतं. मग आपला संबंध काय? माझं म्हणणं असं, की खरा संबंध आपलाच. त्या रांगेत माणसाच्या वाट्याला दोन-चार मिनिटं येतात, आणि त्याचा वीस वर्षांचा इतिहास आपल्याकडे असतो. ही जिवंत लस आहे. साठीनंतर पहिल्यांदाच घेणाऱ्यात गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो. अंड्याची तीव्र ॲलर्जी, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, थायमस ग्रंथीचा आजार किंवा तिची शस्त्रक्रिया, यातलं काहीही असेल तर ती देऊ नये. थायमसचं तर रुग्ण आपणहून कधीच सांगत नाही.

माझ्याकडे एक निवृत्त शिक्षिका आल्या. मैत्रिणींबरोबर केनियाची सफारी ठरलेली, पैसे मुलाने भरलेले, आणि बाईंना संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू. ‘बाई, ही लस तुम्हाला नको,’ असं म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. लस का देता येत नाही याचं पत्र डॉक्टर देऊ शकतो, नियमांत तशी सोय आहे. पण ते पत्र रोगापासून वाचवत नाही, आणि परतताना विमानतळावरचा अधिकारी थांबवू शकतो तो शकतोच. हे सगळं मी त्यांच्यापुढे ठेवलं. आम्ही तासभर बोललो. शेवटी त्यांनी केनिया सोडून श्रीलंका केली. त्या तासाची फी कुठल्याच दरपत्रकात नाही, पण त्याहून मोलाचं काम मी त्या आठवड्यात केलं नसेल.

आता विमानतळाच्या खिडकीवर जे कुणी विचारत नाही त्याकडे येतो. मलेरिया. प्रवेशाचे नियम देशाला जपण्यासाठी असतात, प्रवाशाला जपण्याची हमी ते देत नाहीत. आफ्रिकेतला मलेरिया बहुतांशी फाल्सिपेरम. ‘आम्ही मुंबईकर, आम्हाला काय मलेरियाचं कौतुक!’ असं म्हणणाऱ्याला सांगा, तिथे ही फुशारकी चालत नाही. डॉक्सिसायक्लिन निघण्याआधी एक-दोन दिवस सुरू करून परतल्यावर चार आठवडे घ्यायची असते, आणि लोक विमानातून उतरले की गोळ्या बंद करतात. मग ताप येतो. आपणही डेंग्यूचा हंगाम म्हणून एनएस-वन पाठवतो आणि मलेरियाची काच राहून जाते. फाल्सिपेरम काही दिवसांत माणूस नेऊ शकतो. एक काच निगेटिव्ह आली म्हणून स्वस्थ बसू नका, बारा ते चोवीस तासांत पुन्हा पाहा.

दुसरी गोष्ट उन्हाळ्यातल्या नातवंडांची. न्यू जर्सीहून, लंडनहून पोरं आजोळी येतात. आईबाप म्हणतात, आम्ही इथलंच पाणी पिऊन वाढलो. वाढलात तुम्ही, पोरं नाही वाढली. टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए या लशींचा पुरावा आपला देश कुणाकडे मागत नाही, त्यामुळे त्या घेण्याचं त्यांना सुचतही नाही. पण आजी-आजोबा दर महिन्याला रक्तदाब मोजायला आपल्यासमोर बसतात. तेव्हाच त्यांना म्हणा, नातवाच्या डॉक्टरला येण्याआधी महिनाभर विचारून घ्यायला सांगा.

कार्यकारिणीपुढे मी दोन सूचना ठेवतो आहे. परिषदेतर्फे छापल्या जाणाऱ्या केस पेपरवर ‘गेल्या तीन महिन्यांतला प्रवास’ असा एक रकाना असावा. आणि जिल्हावार लसकेंद्रांचे वार, वेळा आणि फोन यांची एकपानी यादी करून दर सहा महिन्यांनी ती तपासावी; कारण हे वार बदलतात, आणि चुकीच्या वारी पोचलेल्या माणसाचे दहा दिवस तिकिटाच्या तारखेत बसत नाहीत. यादीचं काम करायला ज्या तरुण सभासदांची तयारी असेल, त्यांनी दुपारच्या सत्राआधी माझ्याकडे नावं द्यावीत.