निकाल आणि निर्णय : बास्केटबॉल संघाच्या सरव्यवस्थापकाचे मूल्यमापन



अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलचा सामना पाहणाऱ्याच्या दृष्टीसमोर दहा खेळाडू, दोन प्रशिक्षक आणि पंच एवढीच माणसे असतात. परंतु अमुक खेळाडू याच संघात का आणि तमुक त्या संघात का, याचा निर्णय ज्याने केलेला असतो तो चेंडूला कधी हात लावीत नाही. तो संघाचा सरव्यवस्थापक असतो. त्याने आज घेतलेल्या निर्णयाचे फळ दोन, पाच, कधी कधी दहा वर्षांनी दिसते. आणि तोवर ते फळ कोणाच्या श्रमाचे, याविषयी वाद सुरू झालेला असतो. अशा व्यक्तीच्या कामाचे मोल कसे ठरवावे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

सरव्यवस्थापकाच्या हाती मुख्यतः चार साधने असतात. पहिले नवोदितांची वार्षिक निवड. तिला ‘ड्राफ्ट’ म्हणतात आणि तीत दुबळ्या संघांना आधी निवड करण्याची संधी मिळते. दुसरे अन्य संघांशी खेळाडूंची अदलाबदल, तिसरे खेळाडूंशी करावयाचे करार, आणि चौथे प्रशिक्षकाची नेमणूक. १९८४-८५ च्या हंगामापासून खेळाडूंच्या एकूण वेतनावर मर्यादा आली. तेव्हापासून ही साधने वापरताना पैशाचा हिशेबही काटेकोरपणे सांभाळावा लागतो.

विजयांची बेरीज पुरेशी आहे काय?

सर्वांत सोपे माप म्हणजे जिंकलेले सामने. हे माप किती तोकडे आहे, हे शिकागो बुल्स या संघाच्या इतिहासावरून दिसते. जेरी क्राउस हे १९८५ ते २००३ या काळात या संघाचे सरव्यवस्थापक होते. त्यांच्या कारकीर्दीत संघाने १९९१, १९९२, १९९३, १९९६, १९९७ आणि १९९८ अशी सहा अजिंक्यपदे मिळविली. त्यानंतरच्या पाच हंगामांत त्याच संघाने ३७८ सामन्यांपैकी केवळ ९६ जिंकले आणि २८२ गमावले. व्यक्ती एकच, पद एकच. पहिल्या काळाकडे पाहणारा त्यांना थोर म्हणेल आणि दुसऱ्या काळाकडे पाहणारा अपात्र ठरवील. त्यामुळे बेरजेच्या मागे जाऊन काही कसोट्या लावणे क्रमप्राप्त होते.

वारसा किती आणि भर किती?

पहिली कसोटी वारशाची. मायकेल जॉर्डन याची निवड १९८४ मध्ये झाली आणि ती क्राउस यांचे पूर्वाधिकारी रॉड थॉर्न यांनी केली होती. जगातील सर्वश्रेष्ठ खेळाडू आयता मिळाल्यावर अजिंक्यपदे मिळविण्यात विशेष ते काय, असा आक्षेप घेतला जातो आणि तो अगदीच निराधार नाही. तथापि क्राउस आले तेव्हा संघ ३८ सामने जिंकत होता आणि ४४ हरत होता. पुढील दोन हंगामांतही, जॉर्डन असताना, पराभव विजयांपेक्षा अधिकच राहिले. एकट्या खेळाडूने संघ होत नाही, याचा तो पुरावा होता.

या वादाचा निवाडा एका अनपेक्षित घटनेने बराचसा केला. ऑक्टोबर १९९३ मध्ये जॉर्डन निवृत्त झाला. आदल्या हंगामात संघाने ५७ सामने जिंकले होते. जॉर्डनविना खेळलेल्या १९९३-९४ च्या हंगामात त्याने ५५ जिंकले. अजिंक्यपद मात्र हुकले. यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. क्राउस यांनी उभारलेला संघ स्वतःच्या बळावर उत्तम होता. आणि उत्तम संघाला अजिंक्य करणारी शेवटची भर जॉर्डनची होती. मूल्यमापकाला असा प्रसंग क्वचितच लाभतो. परंतु ‘ही एक गोष्ट नसती तर काय राहिले असते’ हा प्रश्न त्याने प्रत्येक वेळी विचारलाच पाहिजे.

१९९३ च्या विजेत्या संघातील जॉर्डन आणि स्कॉटी पिपेन हे दोघेच १९९६ च्या विजेत्या संघात होते. बाकी सर्व संघ नव्याने बांधलेला होता, आणि १९९५-९६ च्या हंगामात त्याने ८२ पैकी ७२ सामने जिंकले.

निर्णय त्या दिवशी कसा होता?

दुसरी कसोटी अधिक अवघड आहे. निकाल लागल्यावर शहाणपण सर्वांनाच येते; निर्णयाची परीक्षा मात्र तो घेतला त्या दिवशी उपलब्ध असलेल्या माहितीवरच व्हावयास हवी.

१९८७ मध्ये क्राउस यांनी सेंट्रल अर्कान्सा या अप्रसिद्ध महाविद्यालयातील पिपेनला हेरले आणि सिएटल संघाशी अदलाबदल करून त्याला मिळविले. त्याच निवडीत दहाव्या क्रमांकावर होरेस ग्रँट घेतला. १९८८ मध्ये चार्ल्स ओकली हा तरुण, कणखर खेळाडू देऊन त्यांनी बिल कार्टराइट हा वयाने मोठा, परंतु उंच मध्यखेळाडू घेतला. ओकली जॉर्डनचा मित्र असल्याने हा सौदा जॉर्डनला रुचला नाही. पण संघात उंच मध्यखेळाडूची उणीव होती, तर ओकलीच्या जागी खेळू शकणारा ग्रँट तयार होता. कार्टराइट पुढे तीन अजिंक्यपदांत सहभागी झाला. तथापि तो झाला नसता तरीही या सौद्यामागील विचार सुसंगतच म्हणावा लागला असता. १९९५ मध्ये विल पर्ड्यू या राखीव खेळाडूच्या मोबदल्यात डेनिस रॉडमन आला. त्याच्या बेशिस्तीची कीर्ती सर्वत्र होती. परंतु दिलेली किंमत अल्प आणि संभाव्य लाभ मोठा होता. पुढील तिन्ही हंगामांत रिबाउंडमध्ये, म्हणजे फेक चुकल्यावर परतणारा चेंडू पकडण्यात, तो अग्रेसर राहिला.

याच कसोटीचे दुसरे अंग दोन संघांच्या तुलनेतून स्पष्ट होते. १९८४ मध्ये पोर्टलंड संघाने दुसऱ्या क्रमांकावर सॅम बोवी या मध्यखेळाडूची निवड केली आणि तिसऱ्या क्रमांकाचा जॉर्डन शिकागोकडे गेला. बोवीच्या पायाचे हाड पूर्वी मोडले होते, हे सर्वांस ठाऊक होते. पोर्टलंडपाशी जॉर्डनच्या जागी खेळणारा क्लाइड ड्रेक्सलर आधीच होता, म्हणून त्यांनी मध्यखेळाडू घेतला. बोवी पुन्हा पुन्हा जायबंदी झाला आणि ही निवड चुकीच्या निर्णयाचे उदाहरण म्हणून कायमची नोंदली गेली. बरोबर ३० वर्षांनी, २०१४ मध्ये, फिलाडेल्फिया संघाने तिसऱ्या क्रमांकावर जोएल एंबीड हा मध्यखेळाडू निवडला. त्याच्याही पायाचे हाड निवडीपूर्वी मोडलेले होते आणि पहिले दोन हंगाम तो एकही सामना खेळू शकला नाही. पुढे २०२३ मध्ये तो सर्वोत्कृष्ट खेळाडूच्या सन्मानाचा मानकरी ठरला. दोन्ही निर्णयांतील धोका एकाच जातीचा होता. एकात दैव फिरले, दुसऱ्यात फळले. एकाला मूर्ख आणि दुसऱ्याला द्रष्टा म्हणण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी किती कसून झाली, हातचा पर्याय कोणता सोडला आणि धोका पेलण्याची संघाची ऐपत किती होती, हे तपासावयास हवे.

किती काळ थांबावे?

तिसरी कसोटी काळाची. मूल्यमापनाचा कालावधी जसा ठेवावा तसे सरव्यवस्थापकाचे वर्तन घडते. तात्काळ यशाच्या ओढीने ब्रुकलिन संघाने २०१३ मध्ये ३७ वर्षांचा केव्हिन गार्नेट आणि ३५ वर्षांचा पॉल पिअर्स यांना बोस्टनकडून घेतले आणि मोबदल्यात पुढील अनेक वर्षांचे पहिल्या फेरीतील निवडीचे हक्क देऊन टाकले. संघ २०१४ मध्ये दुसऱ्या फेरीपर्यंत पोहोचला आणि २०१६-१७ च्या हंगामात केवळ २० विजयांवर आला. त्या हक्कांच्या आधारे बोस्टनने निवडलेले जेलेन ब्राऊन आणि जेसन टेटम यांनी २०२४ मध्ये बोस्टनला अजिंक्यपद मिळवून दिले.

याउलट फिलाडेल्फियाचे सॅम हिंकी यांनी २०१३ पासून भविष्यासाठी वर्तमान जणू गहाण टाकला. चांगले खेळाडू देऊन निवडीचे हक्क जमविले आणि तीन हंगामांत ४७ विजय व १९९ पराभव पदरी घेतले. एप्रिल २०१६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. २०१७-१८ मध्ये संघाने ५२ सामने जिंकले. परंतु २०२५ पर्यंत तो बाद फेरीच्या दुसऱ्या टप्प्यापलीकडे जाऊ शकला नाही. जाणूनबुजून दुबळे राहण्याची ही रीत इतरांनी उचलू नये म्हणून निवडीचे नियमही पालटले : २०१९ पासून सर्वांत तळाच्या संघाची पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता २५ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आली. तेव्हा कालावधी दीर्घ असावा हे खरे. पण ‘पुढे फळ येईल’ या आश्वासनालाही मुदत आणि मधले टप्पे ठरवून दिले पाहिजेत.

माणसे आणि मर्यादा

चौथी कसोटी माणसांची. १९९१ मध्ये पिपेनशी झालेला दीर्घ मुदतीचा करार संघाच्या खतावणीत बचत म्हणून शोभून दिसला. परंतु १९९७ पर्यंत त्याच्यापेक्षा कितीतरी सामान्य खेळाडूंचे वेतन त्याच्याहून अधिक झाले होते. त्या असंतोषात त्याने शस्त्रक्रिया लांबणीवर टाकली आणि हंगामाच्या आरंभीचे बरेच सामने तो खेळला नाही. १९९७-९८ हा प्रशिक्षक फिल जॅक्सन यांचा अखेरचा हंगाम असेल, असेही क्राउस यांनी आधीच जाहीर केले होते. संघाने तरीही अजिंक्यपद राखले. त्यानंतर जॅक्सन, जॉर्डन, पिपेन व रॉडमन सर्वच गेले. यातील किती दोष क्राउस यांचा आणि किती मालकांचा, हे वेगळे करून पाहणे न्याय्य ठरेल. कारण वेतनाची अंतिम संमती मालकांचीच असते. जॅक्सन यांना १९८७ मध्ये साहाय्यक म्हणून आणि १९८९ मध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून आणणारेही क्राउसच होते, हेही त्यांच्या खाती जमा धरावे लागते.

त्यानंतरची पुनर्रचना मात्र फसली. २००० मध्ये वेतनमर्यादेत जागा असूनही नामांकित खेळाडू विस्कटलेल्या संघाकडे वळले नाहीत. २००१ मध्ये एल्टन ब्रँड हा सिद्ध झालेला खेळाडू देऊन टायसन चँडलर हा नुकताच शालेय शिक्षण संपविलेला तरुण घेतला. चँडलर २०११ मध्ये अजिंक्यपदाचा वाटेकरी झाला खरा, पण डॅलस संघाकडून. पारख चुकली नव्हती. फळ येईपर्यंत झाड जपण्याची व्यवस्था संघापाशी नव्हती.

या सर्व कसोट्या लावता क्राउस यांच्याविषयी असा निष्कर्ष निघतो, की वारशात मोठी भर घालणारा, माणसांची असामान्य पारख असलेला हा सरव्यवस्थापक माणसे सांभाळण्यात उणा पडला आणि त्या उणिवेची किंमत संघाने पाच हंगाम मोजली. १९८८ आणि १९९६ मध्ये त्यांना वर्षातील सर्वोत्तम व्यवस्थापकाचा बहुमान मिळाला. २०१७ मध्ये, मृत्यूनंतर लवकरच, बास्केटबॉलच्या सन्मान-दालनातही त्यांचे नाव समाविष्ट झाले.

दुसऱ्याच्या कामाविषयी अभिप्राय लिहिण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्यांना यातून एक साधी शिस्त घेता येईल. प्रत्येक महत्त्वाच्या निर्णयाच्या दिवशीच त्याची कारणे, माहीत असलेले धोके आणि नाकारलेले पर्याय नोंदवून ठेवावेत. वर्षांनंतर निकाल हाती आला म्हणजे ती नोंद त्याच्या शेजारी मांडावी. असे केले तर केवळ दैवाने तरलेल्याला बढती आणि केवळ दैवाने बुडालेल्याला ठपका, असा अन्याय पुष्कळ अंशी टळेल.