सुनावणीला कोरम लागत नाही

(वस्तीतल्या तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



पर्यावरण हा शब्द आपल्या वस्तीत अजून पाहुण्यासारखा येतो. तो ऐकला की डोळ्यांपुढे वाघ उभा राहतो, फ्लेमिंगो उभा राहतो, पावसाळ्यात रोप लावून फोटो काढणारा साहेब उभा राहतो. आपण कुठं दिसत नाही. पण देवनारचा धूर कुणाच्या छातीत जातो? माहुलच्या टाक्यांचा वास कुणाच्या पोरांना येतो? मे महिन्यात पत्र्याखाली कोण भाजतं? गटारात कोण उतरतं? दुखणं आपलं आहे, त्याचं नाव मात्र दुसऱ्यानं ठेवलंय.

या शहरात पर्यावरण कायद्यावर, हवामान बदलावर मोफत चर्चासत्रं होतात. पत्रकावर ‘सर्वांसाठी खुले’ असं छापलेलं असतं. मी अशा तीन-चार सत्रांना जाऊन बसलोय. खोटं कशाला बोलू, तिथं शिकायला मिळालं. वकील जाणते होते, काही तर खरेच तळमळीचे. पण वेळ कोणती? कामाच्या दिवशी सकाळी अकराची. ज्याचा खाडा पडतो त्याला ते मोफत कसं पडणार? भाषा इंग्रजी. मी उठून मराठीत प्रश्न विचारला, तर ‘चहाच्या वेळी बोलू’ म्हणून मला खाली बसवलं. चहा झाला, बोलणं राहिलं. आपल्या वस्तीचा धूर पडद्यावर आलेख होऊन आला होता. तो धूर खाणारा त्या हॉलमध्ये मी एकटाच.

म्हणून काय त्या सत्रांवर बहिष्कार टाकायचा? अजिबात नाही. तिथं जे कळतं ते आपल्याला पाहिजेच आहे. फक्त ते इथं, या पत्र्याखाली आणायचं आहे. का, ते सांगतो.

१४ सप्टेंबर २००६ ची केंद्र सरकारची एक अधिसूचना आहे. मोठी खाण, वीजकेंद्र, रसायनाचा कारखाना काढायचा तर पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते, आणि अशा बऱ्याच प्रकल्पांना त्याआधी जनसुनावणी लागते. निदान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात नोटीस द्यायची, त्यातलं एक पत्र तिथल्या भाषेतलं पाहिजे. अहवालाचा सारांश लोकांच्या भाषेत ठेवायचा. सुनावणीचं चित्रीकरण करायचं. शेवटी काय-काय बोलणं झालं ते लोकांच्या भाषेत वाचून दाखवायचं. लेखी हरकतही देता येते. आतापर्यंत सगळं आपल्या बाजूचं वाटतं ना? मग पुढची ओळ वाचा. या सुनावणीला कोरम लागत नाही!

म्हणजे काय, कळलं का? आपल्यातला एकही माणूस गेला नाही तरी सुनावणी सुरू होते. रिकाम्या खुर्च्यांपुढं ती होते, संपते, आणि लोकांना विचारलं अशी कागदावर नोंद होते. नोटीस कोपऱ्यात छापलेली. आपण ती वडापावाच्या कागदावर वाचायची, तोवर तीस दिवस उलटलेले. आणि इमारती, टाउनशिपचे प्रकल्प तर याच अधिसूचनेनं सुनावणीतून वगळलेत. आपल्या वस्तीशेजारी टॉवर उठतो तेव्हा तेवढंही कुणी विचारत नाही.

२०२० साली टाळेबंदीत या अधिसूचनेचा नवा मसुदा आला. त्यात ३० दिवसांचे २० करायचं घाटत होतं. मसुदा कुठल्या भाषेत? इंग्रजी आणि हिंदी. मामला दिल्ली उच्च न्यायालयात गेला. न्यायालयानं हरकतींची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्ये भाषांतर करा म्हणून सांगितलं. भाषेसाठीसुद्धा कोर्टात जावं लागतं, मित्रांनो. मराठीत मिळणं ही काय मेहेरबानी नाही.

कुणी म्हणेल, कायदा त्यांचा, कोर्ट त्यांचं, आपला फक्त रस्ता. त्याला मी महाड दाखवतो. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात बोले ठराव झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं, कागदावर. कागद ओला व्हायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. मग डिसेंबरात सवर्ण दिवाणी कोर्टात गेले, तळं आमचं, वहिवाट आमची म्हणून. प्रतिवादी बाबासाहेब. तो खटला बाबासाहेबांनी सोडून दिला नाही. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयात निकाल आपल्या बाजूनं लागला. दहा वर्षं! एक पाय तळ्यात, एक कोर्टाच्या पायरीवर. पाण्यावरच्या हक्काचा कायदा आपल्याला नव्यानं कोण शिकवणार?

त्याच १९२७ साली मुंबईनं आपला कचरा देवनारला टाकायला सुरुवात केली. जानेवारी २०१६ मध्ये तो डोंगर पेटला, धुरानं शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तळं खुलं झालं, डोंगर वाढत गेला.

आता दारं कुठली आहेत ते ऐका. २०१० च्या कायद्यानं राष्ट्रीय हरित लवाद झाला. पश्चिम विभागाचं त्याचं खंडपीठ पुण्यात आहे. वकील नसला तरी आपली बाजू आपण मांडू शकतो. पण घड्याळ बघा. वाद न्यायचा तर कारण घडल्यापासून सहा महिने, नुकसानभरपाई मागायची तर पाच वर्षं. माहुल-आंबापाड्याचे रहिवासी या लवादात गेले. २०२० च्या ऑगस्टमध्ये लवादानं चार कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटींची भरपाई बसवली. आदेश म्हणजे हवा साफ झाली असं नव्हे. पण वास येतो हे कागदावर कबूल करून घेतलं, हे थोडं नाही.

आणि मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा माणसाला हक्क आहे, कलम १४ आणि २१ खाली. खटला होता माळढोक पक्ष्याचा आणि विजेच्या तारांचा. पक्ष्याच्या खटल्यात माणसाचा हक्क सापडला! माळढोक जगलाच पाहिजे. पण पत्र्याखाली भाजणारी म्हातारी त्या हक्कात बसते का, हे कुणीतरी कोर्टात जाऊन विचारायचं आहे. ते आपणच विचारायचं.

तर कामाचं बोलू. एक, ज्या वकिलांना तळमळ आहे त्यांना रविवारी संध्याकाळी विहारात बोलवा. मराठीत, हिंदीत बोला म्हणावं, प्रश्न आधी आपले. दोन, दोन पोरांनी रोज नोटिशी बघायच्या आणि फळ्यावर लिहायच्या. पहिल्या आठवड्यात वाचन, दुसऱ्यात जाणकार, तिसऱ्यात लेखी हरकती, चौथ्यात सगळ्यांनी निघायची तयारी. तीन, प्रत्येक गल्लीत एक वही. धूर कधी आला, किती वेळ राहिला, कोण दवाखान्यात गेलं, तारखेनिशी लिहा. केसपेपर फेकू नका. कोर्टात रडणं चालत नाही, वही चालते. चार, कचरा वेचणाऱ्या बायांना पहिलं बोलू द्या. त्या डोंगरात काय जळतं ते त्यांच्याइतकं कुठल्याच तज्ज्ञाला माहीत नाही.

सुनावणीला कोरम लागत नाही म्हणतात. ठीक आहे. आपण हॉल भरू, व्हरांडा भरू, आणि शेवटी वृत्तांत वाचून दाखवल्याशिवाय उठायचं नाही.

जय भीम!