सायंकाळचा प्रहर

दारुड्याला उपदेश करणाऱ्यांची वाण कोणत्याही गावात नसते. आई सांगते, पत्नी सांगते, पाद्री आणि मास्तरही सांगतात. पण दारू वाईट, हे ती पिणाऱ्यास जितके पटलेले असते तितके दुसऱ्या कोणालाच पटलेले नसते. तरीही सायंकाळ झाली की त्याची पावले तिकडेच वळतात.

न्यूयॉर्कचा बिल विल्सन हा शेअरबाजारातील दलाल अशांपैकीच एक. १९३४ च्या डिसेंबरात रुग्णालयात राहून त्याने दारू सोडली आणि नव्या उत्साहाच्या भरात भेटेल त्या दारुड्याला सुधारण्याचा सपाटा लावला. पाच महिन्यांत एकही सुधारला नाही. निराश होऊन त्याने ते पत्नीजवळ बोलून दाखविले, तेव्हा लोईसने त्याला एवढेच दाखवून दिले की, त्या पाच महिन्यांत तो स्वतः मात्र प्यालेला नव्हता!

ह्या उत्तरातले मर्म त्याला उमगले ते १९३५ च्या मे महिन्यात, ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन गावी. ज्या व्यवहारासाठी तो तेथे गेला होता तो फिसकटला, सोबती परतले आणि परक्या गावातील मेफ्लॉवर हॉटेलच्या दालनात तो एकटाच येरझाऱ्या घालीत राहिला. एका टोकाला मद्यगृह. आतून हसण्याखिदळण्याचे आवाज येत होते. दुसऱ्या टोकाला टेलिफोन आणि शेजारी गावातील चर्चांची यादी. आज कोणी दारुडा बोलायला मिळाला नाही तर आपण प्यायल्याशिवाय राहणार नाही, हे त्याने ओळखले आणि तो टेलिफोनकडे वळला. शोधता शोधता गाठ पडली ती डॉक्टर बॉब स्मिथ ह्या गावातल्याच शस्त्रवैद्याशी. डॉक्टरांनी पंधरा मिनिटे देऊ केली होती. बोलणे सायंकाळी पाचला सुरू झाले ते रात्री अकरा वाजून गेले तरी संपले नव्हते. त्या दिवशी बिलने उपदेश केला नाही. त्याने स्वतःची फजिती सांगितली. डॉक्टरांना वाचविण्यासाठी तो आला नव्हता, स्वतः वाचण्यासाठी आला होता. आणि म्हणूनच डॉक्टरांनी ऐकून घेतले.

ह्यानंतर सारे सुरळीत झाले असे मात्र नाही. काही आठवड्यांतच डॉक्टर एका वैद्यकीय परिषदेस गेले आणि वाटेत आगगाडीतच पुन्हा पिऊ लागले. परतल्यावर एक शस्त्रक्रिया ठरलेली होती आणि हात तर थरथरत होते. त्या सकाळी हात स्थिर व्हावा म्हणून बिलनेच त्यांना बियरची एक बाटली दिली. ती त्यांची शेवटची दारू. शस्त्रक्रिया आटोपल्यावर ते लगेच घरी गेले नाहीत. ज्यांना तोंड चुकवीत होते त्या सावकारांच्या आणि ओळखीच्यांच्या दारी जाऊन आले. तो १० जून १९३५ चा दिवस ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ह्या मंडळाचा जन्मदिवस मानला जातो.

ह्या मंडळात जन्मभराची शपथ मागत नाहीत, हे विशेष. आजचे चोवीस तास प्यायचे नाही, एवढेच. उद्याचे उद्या. शपथ मोडली की माणूस शरमेने अधिकच पितो; एक दिवस मात्र कोणालाही पेलवतो. त्यातही दुपारपर्यंत फारसा प्रश्न नसतो. खरी परीक्षा सायंकाळी. भूक, राग, एकाकीपणा आणि थकवा ह्या चारांपासून जपा, असे जुने सभासद नव्यास सांगतात; आणि हे चौघेही नेमके कामावरून परतण्याच्या वेळीच एकत्र भेटतात. म्हणून उपायही साधेच. घरी येताच पोटभर खाऊन घ्यावे. पगाराच्या दिवशी गुत्त्यावरचा रस्ता सोडून लांबचा धरावा. काजूचा हंगाम येऊन गोव्यात घरोघर उर्राकचा वास सुटला की त्या बैठकीला जाऊच नये. लग्नात जावेच लागले तर पहिल्यापासून हाती कोकमाच्या सरबताचा पेला ठेवावा. भरल्या हातात कोणी दुसरा पेला देत नाही. बडोद्याच्या वाचकांना वाटेल, आमच्याकडे तर दारूबंदीच आहे. पण दुकान मिटले म्हणून तहान मिटत नाही.

येथे एक सावधगिरी अवश्य सांगितली पाहिजे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने मनाच्या हिय्याने एकाएकी दारू तोडली तर पहिल्या दोनतीन दिवसांत कंप सुटतो, झटके येतात, भ्रम होतो. प्रसंगी जीवही जातो. ते दिवस डॉक्टरांच्या नजरेखालीच काढले पाहिजेत. निर्धार त्यानंतरचा.

भारतात हे मंडळ १९५७ मध्ये आले. सभेला फी नाही, आडनावाची चौकशी नाही. एकाने बोलावे, इतरांनी मध्ये न बोलता ऐकावे. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट ह्यांनी १९८६ मध्ये ‘मुक्तांगण’ काढले, तेथेही व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच नव्या रुग्णाच्या उशाशी बसू लागली. घरच्यांचे दुःख तर निराळेच. नवऱ्याच्या पावलांचा आवाज ऐकून आजचा रंग ओळखणाऱ्या बायकांना तो पिणे थांबल्यावरही कित्येक महिने झोप लागत नाही. त्यांच्यासाठी त्याच लोईसने १९५१ मध्ये वेगळे मंडळ उभे केले, हे योग्यच झाले.

आणि डॉक्टर बॉब? दारू सुटल्यावरही जवळजवळ अडीच वर्षे तिची ओढ त्यांची पाठ सोडीत नव्हती, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. त्या ओढीसह ते रोज सकाळी रुग्णालयात जात. पुढे अ‍ॅक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया ह्या जोगिणीने त्यांना दारुड्यांसाठी खाटा मिळवून दिल्या. १९५० मध्ये मृत्यू येईपर्यंत डॉक्टरांनी पाच हजारांहून अधिक मद्यपींवर उपचार केले आणि एकाकडूनही फी घेतली नाही. प्रत्येक खाटेजवळ ते खुर्ची ओढून बसत आणि आधी स्वतःची हकीकत सांगत.