वैमानिकाचा कान

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत व्हाइटफील्ड येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास आणि संगीत यांवर अधिकारी वक्त्यांची भाषणे आपण ऐकलीत. आजचा आमचा विषय वैमानिकांच्या कानांचा आणि ते कान राखणाऱ्या हेडसेटचा आहे. आम्ही कला शाखेचे पदवीधर. ध्वनिशास्त्रावर बोलण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. मात्र व्हाइटफील्डमध्ये राहणाऱ्याला विमानाचा विषय परका नाही. येथून पश्चिमेला काही मैलांवर हिंदुस्थान एरोनॉटिक्सची धावपट्टी आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४० साली या कारखान्याचा पाया घातला आणि डॉ. वि. मा. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली येथे घडलेल्या एचटी-२ या शिकाऊ विमानाने १९५१ च्या ऑगस्टमध्ये पहिले उड्डाण केले. या कारखान्याच्या निमित्ताने आपल्यापैकी किती कुटुंबे येथे येऊन स्थिरावली, हे सभागृहात नजर टाकली तरी कळेल. निवृत्त वैमानिक आपल्या शेजारी राहतात. त्यांच्याशी वेळोवेळी झालेल्या बोलण्यातून जे हाती आले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

जुन्या पिढीच्या वैमानिकांनी टायगर मॉथवर धडे गिरवले. पुढे शिक्षक, मागे शिष्य, वर उघडे आकाश आणि दोघांमध्ये संभाषणासाठी एक रबरी नळी! शिक्षकाने नळीत तोंड घालून ओरडावे आणि शिष्याने त्यातून जे पोचेल ते समजून घ्यावे, असा तो प्रकार. पुढे बंद कॉकपिट आले, रेडिओ आला, कानांवर जाड गाद्यांचे हेडसेट आले. परंतु पंख्याच्या लहान विमानातील आवाज आजही नव्वद ते शंभर डेसिबलच्या घरात असतो. डेसिबलचे गणित फसवे आहे. तीन डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. म्हणून पंच्याऐंशी डेसिबलचा आवाज दिवसाकाठी आठ तास सोसण्यास हरकत नाही असे मानले, तर अठ्ठ्याऐंशीला चार तास, एक्याण्णवला दोन तास आणि चौऱ्याण्णवला अवघा एक तास उरतो.

या आवाजाने होणारी इजा दुखत नाही, हीच तिची भयंकर बाजू. आपल्या अंतःकर्णात केसांसारख्या सूक्ष्म तंतूंच्या पेशी असतात. त्या एकदा नष्ट झाल्या की माणसाच्या शरीरात पुन्हा निर्माण होत नाहीत. ऱ्हासाची सुरुवात बहुधा सेकंदाला चार हजार कंपनांच्या आसपासच्या उंच स्वरांपासून होते. स्वरवर्ण खालच्या पट्टीत असल्याने ते शाबूत राहतात. मात्र स, श, च, फ यांसारखी व्यंजने हळूहळू झिजू लागतात. एका निवृत्त वैमानिकाने आम्हांस सांगितले, “मला ऐकू येते, पण कळत नाही.” कास, काच आणि काप हे तीन शब्द त्यांना सारखेच वाटतात. पुण्याहून नातीचा दूरध्वनी आला की ते दोन वाक्ये बोलतात आणि रिसीव्हर पत्नीच्या हाती देतात. नातीला वाटते, आजोबांना आपल्याशी बोलायला आवडत नाही. गावापासून दूर राहणाऱ्या आपणा सर्वांना आपल्या माणसांचा आवाज हाच आधार असतो. त्यामुळे या गृहस्थांचे नुकसान काय असेल, हे आम्ही वेगळे सांगण्याची गरज नाही.

आता या गोंगाटावर योजलेल्या उपायाकडे वळू. लहान विमानाचे इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत असेल आणि पंख्याला दोन पाती असतील, तर सेकंदाला ऐंशी वेळा हवेवर आघात होतो. ही खर्जातील घरघर. तिची एक लहर चार मीटरांहून लांब असते आणि ती कानावरच्या गादीला जुमानत नाही. गादी उंच स्वर अडवते. खर्ज मात्र आरपार येतो. येथे काट्याने काटा काढावा लागतो. विहिरीच्या पाण्यात दोन तरंग समोरासमोर आले आणि एकाच्या उंचवट्यावर दुसऱ्याचा खळगा पडला, तर त्या जागी पाणी सपाट होते. हेडसेटच्या वाटीत एक बारीक मायक्रोफोन बसवलेला असतो. तो घरघर ऐकतो. विद्युत्मंडल तिच्या नेमकी उलट लहर तयार करते आणि वाटीतलाच छोटा ध्वनिवर्धक ती कानाजवळ सोडतो. आवाजाने आवाज खोडला जातो. उंच स्वरांच्या बाबतीत मात्र ही युक्ती चालत नाही. त्यांची लहर इतकी आखूड असते की किंचित उशीर झाला तरी उंचवट्यावर उंचवटा पडेल आणि गोंगाट वाढेल. म्हणून उंच स्वर गादीने अडवायचे आणि खर्ज विजेने पुसायचा, अशी ही कामाची वाटणी आहे.

ही कल्पना कालपरवाची नव्हे. जर्मनीचे पाउल ल्यूग यांनी १९३३ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३६ साली त्यांना अमेरिकेचे पेटंट मिळाले. ती प्रत्यक्षात आणण्याइतकी उपकरणे त्या काळी नव्हती. पुढे १९७८ साली झुरिचहून अमेरिकेला परतताना प्राध्यापक अमर बोस यांनी विमानात मिळालेले हेडफोन कानाला लावले. गोंगाटापुढे संगीत ऐकू येईना. तेव्हा त्याच प्रवासात त्यांनी कागदावर समीकरणे मांडण्यास आरंभ केला. त्यांचे वडील बंगालमधून अमेरिकेत गेलेले स्वातंत्र्यसैनिक होते, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते. १९८६ च्या डिसेंबरमध्ये डिक रुटान आणि जीना येगर यांनी ‘व्हॉयेजर’ विमानातून कोठेही न उतरता पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्या नऊ दिवसांच्या प्रचंड घरघरीत बोस यांच्या कंपनीचे प्रायोगिक हेडसेट त्यांच्या कानांचे रक्षण करीत होते. १९८९ साली असे हेडसेट वैमानिकांसाठी बाजारात आले.

वैमानिकांचा अनुभव काय? पहिल्यांदा बटण दाबताच छातीत धस्स होते, असे एकाहून अधिक जणांनी आम्हांस सांगितले. इंजिन बंद पडले की काय, या शंकेने नजर आपोआप फेऱ्यांच्या तबकडीकडे जाते. काहींना कानांत दडे बसल्यासारखे वाटते. सवयीने ते जाते. तीन-चार तासांच्या उड्डाणानंतर डोके जड होत नाही, नियंत्रण कक्षाला “पुन्हा सांगा” असे म्हणण्याची वेळ कमी येते आणि घरी गेल्यावर बोलण्यात चिडचिड उरत नाही, हा लाभ बहुतेकांनी सांगितला. एका वैमानिकाच्या पत्नीने आम्हांला सांगितले, “हे उतरल्यावर ओरडून बोलायचे थांबले, तेव्हाच मला हेडसेटचा गुण कळला.”

तक्रारीही आहेत. चष्म्याची काडी गादीखाली गेली की फट पडते आणि निम्मा लाभ हरपतो. म्हणून काही जण बारीक काडीचा चष्मा मुद्दाम करवून घेतात. बॅटरी उड्डाणाच्या मध्येच संपली तर सारी घरघर एकदम कानांवर कोसळते. जेट विमानाच्या कॉकपिटमध्ये वाऱ्याचा सोसाट्याचा, उंच पट्टीचा आवाज अधिक असल्याने तेथे फायदा तुलनेने कमी. जुन्या वैमानिकांचा आक्षेप अधिक मूलगामी आहे. ते म्हणतात, “आम्ही इंजिनाचा कानोसा घेत उडत होतो. आवाजच पुसलात तर बिघाड कळणार कसा?” या प्रश्नात तथ्य आहे. तंबोऱ्याच्या तारेतला फरक कानसेनाला कळतो, तसा इंजिनाच्या सुरातला फरक मुरलेल्या वैमानिकाला कळतो. यावर तरुण वैमानिकांचे उत्तर असे, की घरघर पुसल्यावर एरवी तिच्याखाली दडपून जाणारी बारीक खडखड उलट स्पष्ट ऐकू येते. आमच्या मते दोन्ही पक्ष खरे आहेत. तबकड्यांवरची नजर ढळू न देणे आणि हेडसेट घातल्यावर इंजिनाचा नवा सूर ओळखायला कान पुन्हा तयार करणे, हे वैमानिकालाच करावे लागते.

यंत्राची मर्यादा दाखवणारी एक दुःखद घटनाही सांगितली पाहिजे. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ बेटावर दाट धुक्यात दोन बोइंग ७४७ विमानांची धावपट्टीवर टक्कर होऊन ५८३ माणसे प्राणांस मुकली. कारणे अनेक होती. त्यांपैकी एक असे, की नियंत्रक आणि एका विमानाचा वैमानिक एकाच क्षणी रेडिओवर बोलले आणि दुसऱ्या विमानात त्यांच्या शब्दांऐवजी कर्कश शिटी पोचली. ती शिटी रेडिओतच निर्माण झाली होती; कोणताही हेडसेट ती पुसू शकला नसता. म्हणून मिळालेला आदेश शब्दशः परत उच्चारून दाखवण्याची शिस्त वैमानिक पाळतात. हेडसेट कान राखतो; अर्थ राखण्याची जबाबदारी माणसाचीच राहते.

या सर्वांतून आम्हांस एकच गोष्ट उमगली. या उपकरणाचा हेतू शांतता देणे हा नाही. जे ऐकण्याची गरज नाही ते बाजूला सारून, जे ऐकलेच पाहिजे ते ऐकू यावे, हा त्याचा हेतू आहे. आणि हे रक्षण पहिल्या दिवसापासून हवे; गेलेले श्रवण परत येत नाही.

म्हणूनच शेवटी एक विनंती. आपल्यातील काही मुले-मुली वैमानिक होऊ पाहत आहेत. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते आणि ते बहुतांशी लहान, गोंगाटी विमानांतच होते. परवाना टिकवण्याच्या वैद्यकीय तपासणीत श्रवणाचीही परीक्षा असते. आंतरराष्ट्रीय निकषानुसार सेकंदाला ५००, १००० व २००० कंपनांच्या स्वरांना पस्तीस डेसिबलपेक्षा अधिक आणि ३००० च्या स्वराला पन्नास डेसिबलपेक्षा अधिक श्रवणऱ्हास सामान्यतः चालत नाही. आईबाप घर गहाण ठेवून शुल्क भरतात आणि हेडसेटचे नाव आले की “ती चैन नंतर पाहू” असे म्हणतात. नामांकित बनावटीचा असा हेडसेट हजार डॉलरांहून महाग असतो, हे खरे. तेव्हा त्यांना दोष कसा द्यावा? तो परवडत नसेल तर निदान उत्तम गादीचा, डोक्याला घट्ट बसणारा साधा हेडसेट मुलाच्या स्वतःच्या मालकीचा असावा. कोणीतरी टाकून दिलेला, फाटक्या गादीचा नसावा.

मंडळाने आपल्या विद्यार्थी-साहाय्य निधीतून दरवर्षी अशा एका विद्यार्थ्यास वा विद्यार्थिनीस चांगला हेडसेट द्यावा, असे आम्ही कार्यकारिणीस सुचवतो. रक्कम मोठी नाही. त्या मुलाला उद्या आकाशात नियंत्रकाचा शब्द नीट ऐकू येईल आणि चाळीस वर्षांनी आपल्या नातवंडांचाही.